लंबकाचं भाषण

फार पूर्वी अमेरिकेतल्या एका कापडगिरणीत घड्याळाचा लंबक होतो मी. दिवसाला दहाच तास काम असावं म्हणून बायका लढत होत्या. मीही मागावरच्या धोट्याला रोज भाषण ठोकायचो, "अन्याय संपलाच पाहिजे!"

एकदा धोटा वैतागला. "मुकादमानं तुझं वजन खाली सरकवून तुला मंद केलंय. त्यामुळे बायकांची सुटण्याची वेळ रोज लांबते. त्याचं काय?"

"ती माझी नोकरी," मी म्हणालो. "विचारांनी मी सुधारकच."

हे कुजबुजणं ऐकल्यासारखी ब्रिजेट नावाची विणकरीण स्टुलावर चढली. "बघू गं याला," असं शेजारणीला म्हणत तिनं माझं वजन वर सरकवलं. मुकादमानं डोळे वटारले, पण साऱ्या बायका स्टुलाभोवती उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी सुट्टी वेळेवर झाली.

"पाहिलंस?" मी धोट्याला म्हणालो. "माझ्या भाषणाचा परिणाम!"