वाळूची पिंड

"हा कोण म्हणायचा?"

"देव आहे, बाबा. आमचा महादेव."

"कशाचा केलास?"

"वाळूचा. तुमच्याच नदीतल्या."

न्झिओकाबाबा उकिडवे बसले आणि त्यांनी त्या ओंजळभर पिंडीला हात जोडले. अच्युतचं बघून जोडले, त्यामुळे बोटं जरा वाकडीतिकडी झाली, पण मनापासून.

अच्युतला भरून आलं. केनियात इतकी वर्षं काढली, स्वाहिली जिभेवर बसली, पण त्याच्या देवापुढं असं शेजारी येऊन कुणी बसलं नव्हतं. बेल इथं कुठला मिळायला? त्यानं बाभळीचा पालाच भक्तीनं वाहिला होता.

नदी म्हणजे नुसतं वाळूचं पात्र. पावसाचे दिवस सरले की वर पाण्याचा टिपूस दिसायचा नाही. तिकडं शहरात इमारतींवर इमारती उठत होत्या, आणि गुंतवणूकदारांसाठी काढलेल्या पत्रकात या जिल्ह्याची संपत्ती म्हणून पहिलं नाव याच वाळूचं होतं. अच्युतच्या मालकांना ती हवी होती. पण नदीची राखण न्झिओकाबाबांकडे. ते हो म्हणतील तरच ट्रक पात्रात उतरायचे.

"होकार आण, इथला सगळा कारभार तुझा. नाही आणलास, तर परतीचं तिकीट," मालकांनी बजावलं होतं.

म्हणून तर अच्युतनं सोमवार धरले होते.

"काय मागितलंस याच्याकडे?" बाबांनी विचारलं.

"तुमची वाळू."

बाबा खो खो हसले. "वाळूकडेच वाळू मागितलीस? मग काय म्हणाला तो?"

"तो बोलत नाही, बाबा. तुम्ही बोला."

"ने."

"अं?"

"ने की. सगळी ने."

इतकं सोपं! अच्युतला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेलाच नाही…

"तुझ्या गावाला नदी आहे?"

"आहे."

"वाळू?"

"होती. नेली लोकांनी."

"आणि पाणी?"

अच्युत पिंडीवरचा पाला सारखा करू लागला.

"बरं, राहू दे. सकाळी याच्यावर पाणी ओतत होतास ना? पुन्हा ओत बघू."

अच्युतनं तांब्या उचलून धार धरली. पाणी पिंडीवरून ओघळलं, वाळूत शिरलं, दिसेनासं झालं. तांब्या रिकामा.

"सांडलंस सगळं?"

"सांडलं नाही, बाबा. मुरलं."

बाबांनी तांब्या घेतला. पात्रातच चार पावलांवर वाळूत खणलेला, काट्यांचं कुंपण घातलेला एक खड्डा होता. काटे बाजूला सारून ते वाकले, आणि तांब्या काठोकाठ भरून परत आले. आणताना हिंदकळून त्यांच्या पायावर थोडं पाणी सांडलं. गार असावं, बाबांनी पायाची बोटं आवळली.

"पी."

अच्युत प्यायला. वाळा घातल्यासारखं पाणी…

"पूजा झाल्यावर याचं काय करतोस?"

"नदीत सोडतात. आपलं… विसर्जन." अच्युतनं पात्राकडं पाहिलं आणि तो ओशाळला. "पण इथं सोडू कुठं?"

बाबांनी पिंडीवर तळवा ठेवला, आणि आई निजलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते तशी हलक्या हातानं ती वाळू सारखी केली. इकडं थोडी, तिकडं थोडी.

"बाबा! देव…"

"आहे की इथंच. तेवढा वेगळा काढून घे. उरलेली ने."

अच्युत गुडघ्यांवर बसला. इथं होता… की इथं? बाभळीचा पाला कधीच वाऱ्यानं उडवला होता. या वळणापासून त्या वळणापर्यंत सगळी वाळू एकसारखी पसरली होती, उन्हात चमकत.

त्याला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले. किती दिवस छातीवर धोंडा घेऊन फिरत होतो, हे तो उतरल्यावरच त्याला कळलं.

त्यानं तिथूनच मालकांना फोन लावला.

"साहेब, वाळू नाही मिळायची."

"म्हातारा नाही म्हणाला?"

"ते हो म्हणाले… मी नाही म्हणालो."

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. अच्युतनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि फोन खिशात ठेवला. त्याचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा झाला होता.

"काय म्हणाले?"

"परतीचं तिकीट, बाबा."

बाबा काठीवर भार देत उठले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मग लवकर नीघ. तुझी नदी बिनराखणीची पडलीय."