डावी पाकळी

"…आणि डावी पडल्यावर काय केलंस?"

"पुढच्या देवळात गेले," केराबाई म्हणाली.

"तिथं?"

"तिथंही डावीच."

"मग?"

"मग त्याच्या पुढच्या."

निंगव्वानं तगरीच्या फुलाची एक पाकळी खुडली, पाण्यात टाकली. ही म्हातारी मूळची बेळगावकडची. कर्नाटकातल्या मलनाडच्या या डोंगरात, काळ्या दगडाच्या जुन्या देवळात ती कधी आली, कुणाला सांगता येत नव्हतं. राजांनी बांधलेली देवळं वाटेत पुष्कळ होती, बघायला माणसंही पुष्कळ. इथं कुणी फिरकत नव्हतं. कळसावर झाड उगवलेलं, भिंतीला शेवाळ, आणि भरदुपारी दारातून धुकं आत यायचं, घरचंच असल्यासारखं.

केराबाई गडहिंग्लजकडची. पोरगा सुदाम ट्रकवर होता. याच मुलखातल्या घाटात ट्रक सापडला, दार उघडं, चाकाला दगड लावलेला. सुदाम सापडला नाही. तेव्हापासून बाई देवळं पालथी घालत होती. जिथं कौल लावतात तिथं जायचं, मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायला लावायच्या आणि विचारायचं, माझा सुदाम जिवंत आहे का? उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

आई म्हणून तिला कोण नावं ठेवील? पण हट्ट तो हट्टच.

"मला कौल लावायला शिकव," ती म्हणाली. "पुजाऱ्यांचा भरवसा उरला नाही. मेले डाव्या बाजूला पाणी कमी लावतात."

"सगळेच?"

"सगळेच."

"आणि बाहेर पायरीवर पिशव्या घेऊन बसलीय ती कोण?"

"सून. शेवंता."

"तिचं काय म्हणणं?"

"तिला कशाला म्हणणं हवं? भाऊ दोनदा न्यायला आला. दुसरं घर बघितलंय म्हणे. मी सांगितलं, देव सांगू दे माझा पोरगा गेला म्हणून, मग मणी उतरव आणि जा कुठं जायचं तिथं."

"देवानं सांगितलंच आहे की. सगळीकडं डावी…"

केराबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग म्हणाली, "शिकवणार का नाही तेवढं बोल."

निंगव्वा उठली. "बस इथं. देवीकडं तोंड करून."

गाभाऱ्यात एकच दिवा. देवीचं तोंड झिजून सपाट झालेलं. नाक नाही, डोळे नाहीत. तरी केराबाईला वाटलं, कुणीतरी आपल्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

निंगव्वानं दोन पाकळ्या उचलल्या. मूर्तीकडं गेलीच नाही. केराबाईच्या उजव्या गालावर एक चिकटवली, डाव्या गालावर एक. पाणी बर्फासारखं गार.

"हे काय? देवीला लाव की."

"इथला कौल असाच. इथं तू विचारायचं नाही. ती विचारते."

"मला?"

"तुला नाही. पाकळ्यांना. तू हलू नको म्हणजे झालं."

म्हातारी मूर्तीपाशी गेली आणि त्या सपाट तोंडाला कान लावून उभी राहिली. एखादी बाई शेजारणीचं गाऱ्हाणं ऐकते तशी. मध्येच मान हलवली. केराबाईच्या पाठीवरून काहीतरी सरकत गेलं. वाऱ्याची झुळूक म्हणावी तर दिव्याची वात हललीसुद्धा नव्हती.

"काय विचारते?"

"विचारते, तुझी सून जिवंत आहे का?"

केराबाईला हसू आलं. "डोळे फुटले काय देवीचे? बाहेर बसलीय की धडधाकट. सकाळी चार भाकऱ्या खाल्ल्या तिनं."

"मला सांगू नको. पाकळ्या सांगतील."

"बाई, मी सांगते ना…"

निंगव्वा दिव्यापाशी बसली आणि डोळे मिटून घेतले.

आता देवळात कसलाच आवाज नव्हता. मघापासून बाहेर शेवंता खोकत होती, ते खोकणंही थांबलं होतं. कधी थांबलं ते केराबाईला आठवेना.

"शेवंते," तिनं मान न वळवता हाक मारली.

…

"ए शेवंते, ओ दे."

…

धुकं गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ट्रकचं उघडं दार केराबाईच्या डोळ्यांपुढं आलं. घाटातही असंच धुकं होतं म्हणत होते.

"शेवंता, अगं बाई, बोल की."

…

आणि डाव्या गालावरची पाकळी सरकली. सावकाश, गोगलगाय चालावी तशी, गालावरून हनुवटीकडं.

केराबाईनं चटकन हात वर केला आणि पाकळी गालावर दाबून धरली. इतक्या देवळांत डावी पडताना तिनं बघितली होती, पण ही पडू द्यायची तिला छाती झाली नाही.

"हात काढ," निंगव्वा डोळे न उघडता म्हणाली.

"नाही."

"तुझ्या कौलाला देवीनं कधी असा हात लावून पाकळी धरली होती?"

"नाही काढणार. ती जिवंत आहे. माझी सून जिवंत आहे."

"आले की आत्याबाई. इथंच आहे."

केराबाई वळली. शेवंता तिच्या पाठीशी उभी होती, हात पोचेल इतक्या जवळ. पदर धुक्यानं ओला झालेला.

"मग ओ का दिली नाहीस?"

"दिली."

"कधी?"

"तिन्ही हाकांना दिली. शेवटाला तर मोठ्यानं दिली." शेवंता जरा थांबली. "तुम्हाला घरीसुद्धा ऐकू येत नाही, आत्याबाई. मी बोलायचं सोडलं नाही अजून."

केराबाई तिच्याकडं बघत राहिली. किती दिवसांनी बघत होती कोण जाणे. पोरीचे गाल बसले होते. कानावर एक केस पांढरा झाला होता, हे तिला आजच दिसलं. अजून तिशीही गाठली नव्हती तिनं.

तिचा हात आपोआप खाली आला. पाकळी गालावर नव्हती. तळव्याला चिकटली होती.

"अव्वा, ही पडली म्हणायची का राहिली म्हणायची?"

निंगव्वानं दिवा जवळ ओढला.

"बरं, ते राहू दे. आता मी कुठल्या देवळात जाऊ, तेवढं सांग."

म्हातारीनं दोन बोटांनी वात विझवली. तिघींवर अंधार पडला. मग आवाज आला. निंगव्वाचाच होता, पण मूर्तीच्या बाजूनं आला.

"देवळं पुरे. आता सुनेला विचार, तिला कुठं जायचंय."