शिमोनबाचा दुसरा कोस

फार वर्षांपूर्वी, म्हणजे इतक्या पूर्वी की समोरचा हा वड तेव्हा शेळीच्या एका घासात संपला असता, आपल्या निंबदऱ्यात कोंडिबा नावाचा माणूस राहत होता. साल विचारू नका. साल सांगितलं की आपले अंतोन मास्तर चष्मा पुसायला घेतात आणि गोष्ट तिथंच बसकण मारते.

कोंडिबाचं घर गावकुसाबाहेरच्या वस्तीत. मान बैलासारखी, खांदा तुळईसारखा आणि बोलणं जवळजवळ नाहीच. बोलून उपयोग नव्हता, कारण तेव्हा वेठ होती. पोराटोरांना वेठ ठाऊक नसेल, आणि म्हाताऱ्यांना ठाऊक असली तरी ते विसरल्याचं सोंग करतात, म्हणून सांगतो. गावात कुणी अंमलदार आला, त्याची बायको आली, बायकोची लोणच्याची बरणी आली, की ते ओझं गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं काम कोंडिबाच्या वस्तीचं. मजुरी नाही, भाकर नाही. पाटलाचा माणूस दारात यायचा आणि एकच शब्द बोलायचा, "चल." माणूस जेवत असो, तापानं फणफणत असो, घरात मयत असो. चल म्हटलं की चालायचं. शीव कोसावर. तिथल्या दगडापाशी ओझं उतरवायचं, वाकून जोहार घालायचा आणि परत फिरायचं. तिथून पुढं ओझं पुढच्या गावच्या वस्तीचं.

कोंडिबा चालायचा, पण गुपचूप उट्टं काढायचा. एकदा एका अंमलदाराच्या वळकटीत त्यानं तांबड्या मुंग्यांचं अख्खं घरटं बांधून दिलं. पुढच्या मुक्कामी साहेबानं असा नाच केला की तमाशावाले बघायला आले, असं म्हणतात. हा भाग आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना आवडत नाही. म्हणून मी तो दरवर्षी थोडा लांबवतो.

तर एकदा वस्तीत एक उपदेशक आला. छत्री फाटकी, आवाज खणखणीत. चिंचेखाली बसून तो येशूची गोष्ट सांगायला लागला. बायका ऐकत होत्या, पुरुष पेंगत होते, कोंडिबा दोर वळत होता. उपदेशक सांगत होता, की येशूला मारायला नेत होते, क्रूसाचं लाकूड त्याच्याच खांद्यावर होतं, त्याला ते झेपेना. तेव्हा शेतावरून येणारा एक परगावचा माणूस शिपायांनी धरला आणि ओझं त्याच्यावर घातलं.

कोंडिबाचा दोर थांबला.

"त्याला इचारलं का?"

"कुणाला?"

"त्या शेतकऱ्याला. येतोस का म्हनून?"

"नाही. धरला आणि चल म्हणाले."

"मजुरी?"

"कसली मजुरी!"

"नाव काय त्याचं?"

"शिमोन."

कोंडिबा उठून उभा राहिला. "आरं, मग ह्यो तर आपल्यातलाच की! वेठीचा!" असं म्हणून तो लहान मुलासारखा रडला. जन्मात न बोललेला माणूस त्या दुपारी बोलला, आणि पुढं कधी गप्प बसला नाही, असं म्हणतात. बाप्तिस्मा घेताना त्यानं नाव मागून घेतलं. शिमोन. गाव त्याला चिडवून शिमन्या म्हणायला लागलं, तो 'जी' म्हणायचा. चिडवणाऱ्याची मजाच गेली. मला विचाराल तर याच्याइतकं वाईट कुणी वागू नये.

आता खरी पंचाईत पुढं झाली. उपदेशकानं सांगितलं, "प्रभूचं म्हणणं असं आहे, की कुणी जबरदस्तीनं कोसभर नेलं, तर त्याच्याबरोबर आणखी एक कोस जावं."

शिमोन घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. त्याची बायको ठकूबाई. जीभ अशी, की तिच्या आवाजानं दूध तापायच्या आधीच नासायचं. तिनं विचारलं, काय झालं. त्यानं सांगितलं.

"वा!" ठकूबाई म्हणाली. "एक कोस पाटलाचा, एक कोस देवाचा. आन् घरचं सरपन कोन आननार, तुमचा त्यो मुंग्या चावलेला साहेब?"

शिमोन बरेच दिवस तो दुसरा कोस चघळत राहिला. गिळवेना, थुंकवेना. मग एक दिवस सकाळी उठून तो आपला आपणच हसला. ठकूबाईला वाटलं, बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यात गेलं.

त्याच दिवशी तालुक्याचे शिरस्तेदार आले होते. पोट पुढं, पेटी मागं. पाटलाचा माणूस आला, म्हणाला "चल," आणि शिमोन चालला. मान खाली, पेटी डोक्यावर, दहा पावलं मागं, जसा रोज चालायचा तसा. शीव आली. दगडापाशी त्यानं पेटी उतरवली, शिरस्तेदारांना जोहार घातला. मग डोईचं मुंडासं सोडलं, झटकलं, नवरदेवासारखं नीट बांधलं, पेटी पुन्हा उचलली आणि शिरस्तेदारांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"सलाम, रावसाहेब."

"हे काय रे?"

"पहिला कोस तुमचा व्हता, त्यो झाला. आता दुसरा माझा. चला पाव्हणं, गप्पा मारत जाऊ."

"मागं चाल!"

"मागं चालायचा कोस मागंच ऱ्हायला, रावसाहेब."

"ठेव! ठेव ती पेटी खाली!"

शिमोननं लगेच ठेवली. "मग तुम्ही बसा हितं. म्होरल्या गावची मानसं येतीलच, संध्याकाळच्या आत."

वर ऊन, खाली फुफाटा, सावलीला एक बाभूळ आणि तीही वाळलेली. शिरस्तेदारांनी जरा विचार केला आणि चालायला लागले. शिमोन शेजारून. विचारतोय, "घरी कोन कोन असतं? आई हाय? डोळ्यांनी दिसतं का तिला? तुमी जेवलात का?" आता शिरस्तेदाराला सगळे मुजरे करतात, पण जेवलात का असं कुणी विचारत नाही. अर्धा कोस ते फुगून चालले. उरलेल्या अर्ध्यात त्यांनी धाकटा मुलगा गेल्याचं सांगितलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. शिमोननं त्यांच्यासाठी प्रार्थना केली, चालता चालताच, पेटी डोक्यावर ठेवून.

तेव्हापासून असं म्हणतात, की दुसऱ्या कोसात शिमोनच्या ओझ्याला वजनच नसायचं. वजन असायचं हो. त्याचं दुसरं टोक साहेबानं धरलेलं असायचं.

ही बातमी पसरली. काही अंमलदार निंबदरा टाळून वळसा घ्यायला लागले. काही मुद्दाम निंबदऱ्यावरून यायला लागले, ज्यांच्या पोटात काही दुखणं होतं ते. शिमोनबरोबर दुसरा कोस चालून गेलेल्याला त्या दिवशी झोप लागायची, असं म्हणतात.

झोप उडाली ती येसाजी पाटलाची. वेठ ही पाटलाची शान. आपला वेठ्या साहेबांशी खांद्याला खांदा लावून बोलतो म्हणजे काय! त्यानं शिमोनला छळायला घेतलं. जात्याची तळी शिवेपर्यंत वाहायला लावायची, आणि तिथं पोचला की म्हणायचं, "चुकलं, परत आण." शिमोन नेई, आणी. जाताना मान खाली. येताना मुंडासं बांधलेलं आणि गळ्यात गाणं.

एकदा त्यानं पाटलाला सांगितलं, "पाटील, मला दुसरं काय नगं. फकस्त एकदा इचारा. 'येतोस का' म्हना. मग कोस कसला, समिंद्रापातुर नेतो."

"तुला विचारायचं? माझ्या बापानं तुझ्या बापाला विचारलं होतं?"

"न्हाई. म्हनून तर माझा बाप कुबड्या झाला."

वस्तीतले लोकही शिमोनला हसायचे. "इचारलं तर काय पैका मिळनार हाय?" शिमोन म्हणायचा, "इचारलं तर 'न्हाई' म्हनता येतं. आन् ज्याला 'न्हाई' म्हनता येतं, त्याच्याच 'व्हय'ला काय तरी किंमत." ठकूबाई चुलीपासून ओरडायची, "त्यो पाटील मरंल पन इचारनार न्हाई!" शिमोन म्हणायचा, "मग मी त्याच्यासाठी आनखी प्रार्थना करतो." यावर ठकूबाई काय म्हणायची ते इथं बायामाणसं बसली आहेत म्हणून सांगत नाही. बायामाणसांना ते माहीत आहे.

मग पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं साल आलं. गावोगाव लोकांनी शिवा बंद केल्या. या गावचं माणूस त्या गावाला चालेना. आणि नेमकी त्याच वेळी पाटलाची लेक अहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पहिलटकरीण. पोर आडवं आलं. सुईणीनं हात टेकले आणि म्हणाली, मिशनच्या दवाखान्यात न्या, नाहीतर दोन्ही जीव जातील. दवाखाना घाटापलीकडं. मध्ये गावं किती आणि शिवा किती!

भर दुपारी पाटील स्वतः वस्तीत आला. पायांत जोडा नव्हता. शिमोनच्या दारात उभा राहिला, पण तोंडाला पिढ्यान् पिढ्या एकच शब्द ठाऊक. "चल," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

शिमोन तेव्हा म्हातारा झाला होता, गुडघा दुखायचा. त्यानं बांबूला झोळी बांधली. झोळीत अहिल्या, पुढं शिमोन, मागं वस्तीतला एक तरणा गडी, बाजूनं पाटील. शीव आली. पलीकडून घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. येणारही नव्हतं. मागच्या गड्यानं बांबू खाली टेकला.

"माझा कोस झाला, पाटील. घरी लेकरं हायती." आणि तो गेला. त्याला नावं ठेवू नका. तुम्हीही गेला असतात.

शिमोननं मुंडासं सोडलं, झटकलं, बांधलं. आणि मागून आवाज आला, "आता बघत काय ऱ्हायलात? उचला!"

ठकूबाई. पदर खोचून मागून चालत आलेली. तिनं मागचं टोक खांद्यावर घेतलं.

"तुला कोन म्हनलं ये म्हनून?" शिमोन म्हणाला.

"कुनी न्हाई. उपदेश फकस्त तुमालाच केलाता का?"

दुसरा कोस सुरू झाला. अहिल्या कण्हत होती. पाटील बाजूनं चालत होता आणि रस्त्याकडं बघत होता. त्यालाही हे माहीत होतं, की शिमोनच्या देवानं दोन कोस सांगितलेत. तिसऱ्याचं कुठं काही म्हटलेलं नाही. दुसरा कोस संपतो तिथं नाला आहे, तो तुम्हाला ठाऊकच आहे. नाल्याजवळ येईल तसा पाटलाचा चेहरा उतरत गेला. आणि नाल्याच्या काठावर शिमोन थांबला.

पाटील पुढं आला. 'चल' म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण तो शब्द इथं चालणार नव्हता. शीव मागं राहिली होती, पाटीलकी मागं राहिली होती. पुढं होती फक्त मरणारी लेक आणि एका म्हाताऱ्याची पाठ.

"शिमोन," तो म्हणाला. शिमन्या नाही. "शिमोन... येतोस का रे पुढं?"

शिमोननं वळून पाहिलं. सगळं तोंड हसत होतं, असं म्हणतात.

"येतो की, पाटील. मी थांबलोय कुठं? खांदा बदलतोय."

ऐकलंत? तो थांबलाच नव्हता. पाटलानं विचारलं नसतं तरी तो गेलाच असता. पाटलाला हे कळलं, आणि मग तो असा रडला की नाल्याला पाणी आलं. हे काही मी वाढवलेलं नाही, माझ्या आज्यानं वाढवलंय. रडून झाल्यावर तो ठकूबाईपाशी गेला आणि म्हणाला, "बाई, दे ते टोक."

"ऱ्हाऊ द्या. तुमच्या खांद्याला सवय न्हाई."

"लागंल."

आणि वेठ्याच्या बांबूखाली पाटलाचा खांदा गेला. तिथून पुढचं मात्र सगळं नवलाचं. त्यांच्यासाठी रस्ता आखडला, असं म्हणतात. घाट खाली वाकला. बाभळींनी काटे आत ओढून घेतले. बंद शिवांवर काठ्या घेऊन उभे असलेले लोक, पाटलाच्या खांद्यावर बांबू बघून एवढे चक्रावले की काठ्या टाकून बाजूला झाले. हे शेवटचं मला खरं वाटतं. ऊन कलायच्या आत ते दवाखान्याच्या दारात होते. अहिल्या वाचली. मुलगी झाली. आणि झोळीच्या वाळक्या बांबूला हिरवं पान फुटलं होतं, असं म्हणतात.

पोरीचं नाव कोसाबाई ठेवलं. हसू नका, तिच्या पणतीची सून पुढच्याच रांगेत बसली आहे आणि तिच्या हातात लाटणं नसलं तरी चप्पल आहे.

पाटील परत आला आणि निंबदऱ्यातली वेठ त्यानं मोडली. दवंडी दिली, की यापुढं कुणाच्या दारात जाऊन 'चल' म्हणायचं नाही. पुढं शिमोन गेला, तेव्हा त्याला खांदा द्यायला वस्तीबरोबर गावही आलं. कबरस्तान शिवेच्या दगडापाशी. खड्डा तयार, पाळक तयार. येसाजी पाटील, थकलेला, काठी टेकत पुढं झाला आणि पेटीवर हात ठेवून म्हणाला, "शिमोन, येतोस का रे पुढं?"

उत्तर ठकूबाईनं दिलं. "येतात म्हनं. उचला."

लोकांनी पेटी उचलली आणि नाल्यापर्यंत नेऊन परत आणली. जाताना वजन नव्हतं, असं म्हणतात. येताना फार होतं.

अजूनही ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आख्खं निंबदरा गाव या रस्त्याला लागतं, आपल्या ख्रिस्ती देवळातलं आणि गावातल्या मंदिरातलं. आपलं गाठोडं कुणी आपण घ्यायचं नाही, दुसऱ्याचं घ्यायचं, आणि त्याआधी विचारायचं, "येतोस का?" ज्याला 'नाही' म्हणायचं असेल त्यानं खुशाल म्हणावं. त्याला गूळ देतात, रागवत नाहीत. अंतोन मास्तर दरवर्षी 'नाही' म्हणतात, गूळ खातात आणि मग सगळ्यांच्या पुढं चालतात. शिवेच्या दगडापाशी बाप्ये टोप्या झटकून घालतात, मुंडाशी सोडून नीट बांधतात, बाया पदर सारखे करतात, आणि तिथून नाल्यापर्यंत कुणी कुणाच्या मागं चालत नाही. पाटलांच्या घरातला आताचा कर्ता शिमोनच्या घरचं गाठोडं घेतो. ठकूबाईच्या वंशातली एखादी त्याला म्हणतेच, "सवय न्हाई तुमच्या खांद्याला." तो म्हणतो, "लागंल."

चला, उजाडलं चांगलं. रस्ता दिसतोय. ती पिशवी कुणाची, मावशी, तुमची? जड दिसते. आत लोणच्याची बरणी आहे का?

द्या इकडं. येता का?