बिट्टी मुंगी आणि लालीचं मीठ

काचेची पेटी. पेटीत पाणी. पाण्यात मासा. माशाचं नाव लाली.

जुई काकू लग्न होऊन घरात आली. तिच्याबरोबर साड्या आल्या, ताटं आली आणि ही पेटी आली. सगळ्यांनी साड्या बघितल्या. बिट्टीनं पेटी बघितली.

बिट्टी कोण? बिट्टी मुंगी. एवढीश्शी.

रोज सकाळी जुई काकू पाण्यात दाणे टाकायची. लाली डुलायची. शेपटी आपटायची. चुळुक! एक दाणा उडायचा. टेबलावर पडायचा. तो दाणा बिट्टीचा.

एक दिवस काय झालं? दाणे पडले. पण चुळुक झालंच नाही. दाणा उडालाच नाही.

बिट्टी काचेवर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. लाली तळाशी बसलेली. अंगावर पांढरे पांढरे ठिपके.

"लाली लाली, डुल ना. माझा दाणा उडव ना."

लाली म्हणाली, "अंग खाजतंय गं. पाण्यात मीठ पडेल, तर मी डुलेन."

मीठ? मीठ तर स्वयंपाकघरात. बिट्टी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ओट्यावर होतं बारीक मीठ.

"मिठा मिठा, पाण्यात पड ना. लाली डुलेना, माझा दाणा मिळेना."

बारीक मीठ म्हणालं, "मी आमटीचं. माझ्यात काहीबाही मिसळलंय. मी नको."

बिट्टी पुढे. तुरुतुरु. मग भेटलं काळं मीठ. ते म्हणालं, मी ताकाचं, माझा वास तर बघ. बिट्टीनं वास घेतला. आऽऽक्छी! हेही नको.

बिट्टी पुढे. तुरुतुरु. मग भेटलं सैंधव. त्याला बोलायला वेळच नव्हता. आज संकष्टी, आजीचा उपवास, साबुदाणा खोळंबलाय, असं म्हणालं आणि चमच्यात बसून गेलं.

तेवढ्यात वरच्या फळीवरून आवाज आला.

"मी आहे ना. खडेमीठ. मी नुसतं मीठ, दुसरं काही नाही. लालीला मीच हवं. पण मी बरणीत. झाकण फिरेल, तर मी पडेन."

बिट्टी वर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"झाकणा झाकणा, फिर ना. मीठ पडेना, लाली डुलेना, माझा दाणा मिळेना."

झाकण म्हणालं, "मी घट्ट. काकू हात लावेल, तर मी फिरेन."

बिट्टी खाली उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु. जुई काकू पेटीपाशी उभी. तिचं तोंड एवढंसं झालेलं.

"काकू काकू, हात लाव ना. झाकण फिरेना, मीठ पडेना, लाली डुलेना, माझा दाणा मिळेना."

जुई काकू हळूच म्हणाली, "मी नवी ना गं. फळी आईंची, म्हणजे आजीची. आई बोलतील, तर मी हात लावेन."

बिट्टी देवघरात पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आजी दूर्वा निवडत होती.

"आजी आजी, बोल ना. काकू हात लावेना, झाकण फिरेना, मीठ पडेना, लाली डुलेना, माझा दाणा मिळेना."

आजी उठली. फळीपाशी आली. काकू मागे मागे आली. आजीनं वर बघितलं. डोळे बारीक केले. डोळे मोठे केले.

"बरण्या दोन," आजी म्हणाली. "एकीत खडेमीठ, एकीत खडीसाखर. दिसतात सारख्या. माशाला साखर घातली तर? कुणी चाखेल, तर मी बोलेन."

मघाशी आवाज कोणत्या बरणीतून आला, ते बिट्टीलाही आठवेना. पण चाखणार कोण? आजीचा उपवास. उपवासाला हे मीठ चालत नाही. काकू? आजीचा उपवास, म्हणून काकूचाही उपवास. काकूला कुणी सांगितलं नव्हतं. पण काकूनं धरला होता.

आजीनं काकूकडे बघितलं. काकूनं बिट्टीकडे बघितलं. बिट्टीला उपवास नव्हता.

बिट्टी चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. पहिल्या बरणीच्या गळ्याशी एक कण चिकटलेला. बिट्टीनं चाटला.

अहाहा. गोड, गोड, गोड.

पोट म्हणालं, बिट्टी, इथेच बस. पाय म्हणाले, बसूया. दाणा कशाला हवा? लाली कशाला हवी?

बिट्टी बसली. मग तिला ठिपके आठवले. पांढरे पांढरे ठिपके.

बिट्टी उठली. दुसऱ्या बरणीवर गेली. कण चाटला.

थू थू थू. खारट, खारट, खारट.

"आजी, हीच ती," बिट्टी म्हणाली.

मग काय!

आजी बोलली, "घे गं जुई. आणि यापुढे विचारत बसू नकोस." काकूनं हात लावला. झाकण फिरलं, कर्रर्र. मीठ पडलं, खडखड खडखड. आधी पडलं वाटीतल्या पाण्यात. काकूनं ढवळलं, गरगर गरगर. खडे विरघळले. मग काकूनं ते पाणी पेटीत ओतलं. हळूऽऽहळू.

लाली डुलली? नाही.

दुसऱ्या दिवशी डुलली? थोडीशी.

बिट्टी काचेवर बसून राहिली. काकू खुर्चीत बसून राहिली. आजीही येऊन बघून गेली, एकदा चष्मा लावून, एकदा काढून.

आणि मग एका सकाळी ठिपके गेले. काकूनं दाणे टाकले. लाली वर आली. लाली डुलली. इकडे डुलली, तिकडे डुलली. शेपटी आपटली.

चुळुक!

दाणा उडाला. टेबलावर पडला. टप्प.

दाणा कसा लागला गं बिट्टी? काकूनं विचारलं. आजीनं विचारलं. लालीनंही काचेला नाक लावून विचारलं.

बिट्टी काही बोलेना. कशी बोलणार? तोंडात दाणा होता.