कोनाड्यातलं ते

"पण बुवा, ते आहे तरी काय?"

सरपोतदार सर सकाळपासून हेच विचारत होते. धोंडीबुवा तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले, त्यातला एक तोंडात टाकला.

"काय म्हंजे?"

"ते. कोनाड्यातलं."

बुवांनी मान वळवून पाहिलं. टेकडीवरच्या त्या मठात, महादेवाच्या गाभाऱ्याबाहेरच्या कोनाड्यात एक लोखंडी वस्तू होती. वीतभर लांब. एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला दोन वाकडे दात आणि मध्येच एक आकडा. टेकडीखालच्या वाडीतले लोक येताजाता तिला कुंकू लावत. कुणी फूल वाहत. काहींनी तिला नवसही बोलले होते आणि म्हणे एकाचा पावला होता.

"हां, ते," बुवा म्हणाले आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

बुवा कुठले, या टेकडीवर कधी आले, हे वाडीत कुणालाच धड सांगता येत नसे. पण लोकांची श्रद्धा दांडगी. कोपऱ्यात नारळांची रास कायम लागलेली. बुवांना खोबरं सोसत नसे, म्हणून ते येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती प्रसाद म्हणून एकेक नारळ ठेवत. तेच नारळ फिरून पुन्हा वर येत.

सरपोतदार सर म्हणजे उपेंद्र सरपोतदार. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दर गुरुवारी ते टेकडी चढून येत, मठ झाडत, कोनाडा पुसत आणि मग बुवांपुढे बसून ज्ञानाचे प्रश्न विचारत. प्रश्न असा निवडत, की ज्याचं उत्तर त्यांना स्वतःला पाठ आहे. बुवांचं उत्तर चुकलं की सरांना टेकडी उतरताना फार बरं वाटे.

आज मात्र प्रश्न खरा होता. त्यामुळे तो विचारताना त्यांना घाम फुटला होता.

"बुवा, दिवेलागणीला उत्तर द्यायचंय."

"कुणाला?"

"मंडळाला."

"कसलं मंडळ?"

सरांनी खिशातून फोन काढला. मंडळ त्यात होतं.

'ओळखा पाहू मंडळ' सरांनीच काढलं होतं. गावोगावची माणसं त्यात होती. एकमेकांना प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नाही, पण गुड मॉर्निंग चुकवायचं नाही. दर आठवड्याला एकाने एखाद्या जुन्या, चमत्कारिक वस्तूचा फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी ती काय आहे ते ओळखायचं. सर नेहमी ओळखत. बाकीचे अजून चष्मा शोधत असताना सरांचं उत्तर पडलेलं असे, वर इतिहासाचा एक परिच्छेद. मंडळाने त्यांना 'सर्वज्ञ' अशी पदवी दिली होती. थट्टेने दिली होती, सरांनी ती मनापासून घेतली.

आणि खरं सांगायचं तर दिवसभरात सरांशी बोलणारं तेवढंच एक घर होतं. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी परदेशात. फोन वाजला नाही तर संध्याकाळपर्यंत स्वतःचा आवाजही कानी पडत नसे.

"तर या आठवड्याला माझी पाळी होती," सर म्हणाले. "मी कोनाड्यातल्या त्याचा फोटो टाकला."

"बरं केलंत."

"कुणालाच ओळखता आलं नाही!"

"लई बेस."

"पण आता उत्तर मला सांगायचंय, बुवा."

"मग सांगा की."

"...मला माहीत नाही."

बुवांचा हात शेंगेवरच थांबला.

"तुम्हाला ठाऊक न्हाई, अन् तुम्ही त्यांना कोडं घातलंत?"

"मला वाटलं, आपल्याला ठाऊक असेल. आपल्या मठातलं आहे."

"अन् मला वाटलं, तुम्ही दर बेस्तरवारी पुसता... तुम्हाला ठाऊक असंल."

दोघेही कोनाड्याकडे बघत बसले. कोनाड्यातलं ते कुंकू लावून घेऊन निवांत पडलं होतं.

"लोक काय म्हंत्यात?" बुवांनी विचारलं. त्यांना आता गोडी लागली होती.

मठात रेंज येत नसे. ती फक्त नंदीच्या वशिंडावर येई. लोक नंदीच्या कानात मनातलं सांगत, सर त्याच्या पाठीवर फोन ठेवत. ते उठून नंदीपाशी गेले. फोन लागोपाठ वाजला.

"पुण्याच्या शुभदाताई म्हणतात, दात उपटायचा चिमटा."

"व्हय, आसंल."

"न्यू जर्सीचे जावडेकर म्हणतात, बाटलीचं बूच काढायचं."

"त्येबी आसंल."

"एक जण म्हणतो, पालखीची कडी. एक म्हणतो, उंटाच्या नाकातलं. कुणीतरी लिहिलंय, माझ्या सासूबाईंची जीभ."

बुवा इतके हसले की परातीतले दाणे उडाले.

"ह्यांना बक्षीस द्या!"

"बुवा, थट्टा नको. माझी अब्रू पणाला लागलीय."

"बरं." बुवा उठले. त्यांनी ती वस्तू कोनाड्यातून काढली, धोतराला पुसली, वर-खाली निरखली. मग मागे हात घालून दोन वाकड्या दातांनी पाठ खाजवली. डोळे मिटून. सावकाश.

"आहाहा..."

सर उडालेच. "पाठ खाजवायचं! अहो, मग मघाशीच का नाही सांगितलंत?"

"मघाशी न्हवतं."

"म्हणजे?"

"मघाशी पाठ खाजत न्हवती."

सर नंदीकडे धावले. 'प्राचीन पृष्ठकंडूयन साधन' एवढं टाइप करून त्यांनी मागे पाहिलं, तर बुवा त्याच वस्तूने चुलीतला निखारा पुढे ओढत होते. सरांनी लिहिलेलं खोडलं. 'अंगार सारण्याचा...' इतकं होईतो बुवांनी आकड्यात चहाच्या भांड्याचा कान अडकवून भांडं खाली उतरवलं होतं. तेही खोडलं. मग बुवांनी ती वस्तू उंबऱ्याशी आडवी टाकली. वाऱ्याने आपटणारं दार शांत झालं.

"बुवा, एक काय ते ठरवा!"

"मी कशापायी ठरवू? ज्येला गरज आसंल त्यो ठरवील. च्या घ्या."

सरांनी चहा घेतला. ऊन कळसावरून उतरायला लागलं होतं.

"ठाऊक न्हाई म्हनून सांगून टाका की, मास्तर. त्यात काय?"

"नियम आहे."

"कसला?"

"ज्याला स्वतःला उत्तर माहीत नाही त्याने फोटो टाकायचा नाही. टाकला तर मंडळातून बाहेर."

"कुनी केला ह्यो नियम?"

"...मी."

"कुनावर चालवला का कवा?"

सरांनी चहाच्या कपात पाहिलं. कपात बघण्यासारखं काही नव्हतं.

"एक घाटगेकाका होते. इचलकरंजीचे. त्यांनी एका लाकडी वस्तूचा फोटो टाकला होता. पितळी खिळे मारलेली, मधे भोक. मी विचारलं, उत्तर काय? तर म्हणाले, सर, मलाच ठाऊक नाही. बायको गेली, तिच्या डब्यात हे निघालं. कुणाला कळतंय का बघा."

"मग?"

"नियमाप्रमाणे त्यांना काढलं."

"त्यो नियम कवा केला हुता?"

सरांनी कप खाली ठेवला.

"मास्तर?"

"त्याच दिवशी, बुवा."

"अन् ती लाकडी वस्तू काय हुती?"

सरांचा आवाज अगदी खाली गेला. "मलाही ओळखता आली नव्हती."

बुवांनी शेंग सोलली. दाणे परातीत पडल्याचा आवाज तेवढा झाला.

"म्हंजे तुमच्या एवढ्या मंडळात," ते म्हणाले, "त्यो एकटाच खरं इचारत हुता."

सरांना रडू आलं. मोठ्या माणसाला एकदम रडू येतं तेव्हा तो चष्मा पुसतो, तसा त्यांनी चष्मा पुसला. इतके दिवस घाटग्यांची आठवण झाली की ते स्वतःला बजावत, नियम म्हणजे नियम. आज ते वाक्य तोंडातून निघेना.

"आता तुम्हाला कोन काढनार?"

"मीच. मीच ॲडमिन आहे."

"आपल्याला आपनच भाईर काढायचं?"

"हो."

"आन् जमतं त्ये?"

"बटण असतं, बुवा. दाबलं की झालं."

बुवा थक्क झाले. "बटन आसतं?"

"हो."

"आरं द्येवा... अन् आमी जलमभर मांडी घालून बसलो."

दिवेलागण झाली. वाडीतून घंटेचा आवाज आला. बुवांनी समई लावली आणि सरांकडे पाहून नंदीकडे हात केला.

सर नंदीपाशी गेले. वशिंडावर फोन ठेवला. आयुष्यात कधी न लिहिलेले तीन शब्द त्यांनी लिहिले : मला माहीत नाही. लिहून झाल्यावर त्यांना दरडीवरून उडी टाकल्यासारखं वाटलं.

फोन वाजला. मग वाजतच सुटला.

"काय म्हंत्यात?" बुवांनी समईपाशी बसल्या बसल्या विचारलं.

"शुभदाताई म्हणतात, वा सर, काय सूचक क्लू दिलात!"

"मग?"

"जावडेकर म्हणतात, समजलं, ही वस्तू म्हणजे ज्ञानाची किल्ली आहे."

सरांनी घाईने लिहिलं : खरंच माहीत नाही हो. शपथेवर सांगतो.

या खेपेला हात जोडलेल्या चित्रांची रांगच लागली. कुणी लिहिलं, केवढा हा विनय. कुणी लिहिलं, आज सर शिकवत नाहीयेत, दाखवताहेत. सासूबाईंच्या जिभेवाल्याने तर माफी मागितली.

सर हताश झाले. मग त्यांनी एक नंबर शोधला आणि घाटगेकाकांना मंडळात परत घेतलं. त्यांनाच ॲडमिनही केलं. खाली लिहिलं : काका, तेव्हा तुमची वस्तू मलाही ओळखता आली नव्हती. तुम्हाला काढलं, ते स्वतःची लाज झाकायला. माझं चुकलं. आता कोनाड्यातल्या या वस्तूचंही उत्तर मला माहीत नाही. नियमाप्रमाणे मला काढा.

हे मात्र कुणाला चटकन 'वा' म्हणता आलं नाही. फोन गप्प. सर नंदीच्या पाठीवर हात ठेवून उभे. नंदी दगडाचाच, पण दिवसभराच्या उन्हाने अजून उबदार होता.

बऱ्याच वेळाने फोन एकदाच वाजला. सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. आणि ते हसायला लागले, रडतच.

"काय झालं?"

"घाटगेकाका म्हणतात, काढायचं बटण कुठे असतं ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी सापडलं नसतं. तुमच्या कोनाड्यातल्या वस्तूचा जरा जवळून फोटो काढा, आपण दोघं मिळून शोधू. आणि जमलं तर माझीही."

"झ्याक मानूस हाय."

"हो."

सरांनी उंबऱ्याजवळची वस्तू उचलली. दार पुन्हा आपटायला लागलं, तेव्हा त्यांनी तिथे एक नारळ लावला. समईच्या उजेडात वस्तू धरून त्यांनी कडीचा फोटो काढला, दातांचा काढला, आकड्याचा काढला. इतकी वर्षं दर गुरुवारी ते ती पुसत आले होते. आकड्याच्या आतल्या बाजूला कुणाच्या तरी बोटाने झिजून गुळगुळीत झालेली जागा त्यांना आज पहिल्यांदा दिसली.

फोटो पाठवायला ते नंदीपाशी गेले, तसा फोन पुन्हा वाजू लागला. मंडळाला सूर सापडला होता.

"आता काय?"

सर कपाळाला हात लावून म्हणाले, "विचारताहेत, सर, हा मठ कुठे आहे? येत्या गुरुवारी दर्शनाला यावं म्हणतो. बुवा, मी जन्मात पहिल्यांदा खरं सांगितलं. एका घाटग्यांशिवाय कुणाला पटत नाही. पाया पडायला निघालेत! आता मी करू तरी काय?"

बुवांनी समईची वात सारखी केली. तेलाचं बोट डोक्याला पुसलं. कोपऱ्यातल्या नारळांच्या राशीकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"मी बी हितं एक रात मुक्कामाला टेकलो हुतो, मास्तर. लोकांनी इचारलं, द्येव कुटं हाय? खरं हुतं त्येच सांगितलं, ठाऊक न्हाई म्हनून... दुसऱ्या दिवसापासनं नारळ यायला लागले."