पिशवीतला सोनचाफा

झाडं अजून बोलत होती तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी नाही. शालनकाकूंनी अंगणात सोनचाफा लावला. मुळांना धक्का नको म्हणून नर्सरीची काळी पिशवी न काढताच लावला.

सात वर्षं गेली. चाफा जेमतेम कमरेएवढा झाला, पण फूल एकही आलं नाही. काकू दर पाडव्याला कोयता दाखवून दरडावायच्या, "यंदा फुलला नाहीस तर तोडीन हो!"

शेजारची जास्वंद म्हणायची, "मेल्या, एवढं खतपाणी घेतोस, ते जातं कुठे?"

"माझ्यातच काहीतरी खोट आहे," चाफा म्हणायचा.

एकदा एक गांडूळ त्याच्या मुळांशी जाऊन आलं. "खोट कसली? तुझी मुळं पिशवीतच गरगर फिरून एकमेकांना आवळतायत. त्यांना बाहेर पडायला वाटच नाही."

"मग काकूंना सांग ना! आम्हा झाडांचं बोलणं त्यांना कळत नाही."

"गांडुळाचं तरी कोण ऐकतंय, बाबा?"

त्या पाडव्याला काकूंनी खरंच कोयता चालवला. डोळे पुसत म्हणाल्या, "काही झाडं उपजतच करंटी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं रोप आणलं. बुंध्याशेजारीच खड्डा खणला आणि लेकराला निजवावं तसं ते अलगद आत ठेवलं, पिशवीसकट.