आरशातली सवत

फार दिवस झाले त्याला. घाटातल्या एका गॅरेजमागे जांभळीवर तिघांचं बिऱ्हाड होतं: ढबू वानर, त्याची बायको चिंगी आणि तिच्या पोटाला चिकटलेलं एवढंसं पिल्लू.

गॅरेजात एक लाल गाडी आली. तिच्या बाजूच्या आरशाची मोटार बिघडली होती, त्यामुळे आरसा मान वर करून अडकला होता. गाडीच्या टपावर ढबू रोज ऊन खात बसायचा. एकदा चिंगी त्याला शोधत आली, तर आरशात एका वानरिणीचं तोंड!

"म्हणून रोज इथे येता होय! कोण ही भवानी?"

"अगं, तूच ती!"

"माझं नाक एवढं बसकं? मी चालले माहेरी!" पिल्लाला घेऊन ती कुंपणावर चढलीसुद्धा, आणि ढबू तिच्या मागोमाग.

आरसा कळवळला, "वहिनी, थांबा हो! मान अडकलीय माझी. नुसतं तोंडच दिसतंय तुम्हाला."

तेवढ्यात बशीर मिस्त्री आला. त्याने काच अलगद काढली, आतली तुटलेली वायर जोडली, काच परत बसवली आणि गाडीतलं बटण दाबलं. घुर्र करत आरसा खाली वळला.

आता कुंपणावरून चिंगीला आरशात अख्खी वानरीण दिसली. तिच्या पोटाला पिल्लू होतं आणि मागे ढबू रडवेला उभा होता. चिंगीने पिल्लाला गोंजारलं, तर आरशातलीनेही गोंजारलं. मग चिंगीने हळूच मागे वळून पाहिलं.

"एवढं रडायला काय झालं? चला घरी."

त्या वर्षी जांभळीला घोसच्या घोस लागले, आणि ते पिकेपर्यंत फांदीवर तिघांचे चौघे झाले.